ज्याची त्याची गल्ली : कोलकाता आणि परकेपणाचा प्रश्न

परक्यांना अडवण्यासाठी कोलकात्याने केलेला पहिला मोठा खटाटोप आपल्यासाठी होता. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा हुगळीकाठच्या या व्यापारी गावात घबराट उडाली. कंपनीच्या वखारीभोवती राहणाऱ्या देशी रहिवाशांनी नबाब अलीवर्दीखानाच्या परवानगीने गावाभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाले, मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत आणि काम अर्ध्यात राहिलं. १७९९ मध्ये खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली मात्र अजून आहे.

आपल्याकडे या स्वाऱ्या पराक्रमाच्या खात्यात जमा असतात. भास्करपंतांना अलीवर्दीने १७४४ मध्ये भेटीला बोलावून दग्याने मारलं हे आपण वाचलेलं असतं. १७५१ च्या तहात ओडिशा आणि सालीना बारा लाखांची चौथाई मिळाली हेही वाचलेलं असतं. बंगालच्या खात्यात त्याच दशकाची नोंद वेगळी आहे. गंगाराम नावाच्या कवीने १७५१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘महाराष्ट्र पुराणा’त गावं जाळणारे, बायकांवर हात टाकणारे, पैशासाठी माणसांचे हाल करणारे बारगीर आहेत. बंगाली माणूस त्यांना ‘बर्गी’ म्हणतो आणि पोराला झोपवताना आजही त्यांची भीती घालतो.

मग दीडशे वर्षांनी एक मजेशीर गोष्ट घडली. देवघरजवळच्या करों गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यातला सखाराम गणेश देउस्कर हा तरुण कोलकात्यात येऊन ‘हितवादी’त पत्रकार झाला. तो बंगालीत लिहायचा आणि फार सरस लिहायचा. १९०४ मध्ये आलेलं त्याचं ‘देशेर कथा’ हे पुस्तक, इंग्रजांनी देश कसा धुऊन नेला याचा हिशेब मांडणारं, स्वदेशी चळवळीच्या कार्यकर्त्यांनी अक्षरशः पाठ केलं. १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. याच देउस्करांच्या खटपटीने १९०२ पासून कोलकात्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. १९०४ च्या उत्सवासाठी रवींद्रनाथांनी कविता लिहिली. १९०६ मध्ये टिळक स्वतः गेले आणि त्यांच्या स्वागताला रस्ते भरले. बर्गींचा देश एकदम वीरांचा देश झाला.

हा पालट समजून घेतला तर कोलकात्यातल्या परकेपणाचं सगळं गणित उलगडायला मदत होते. मराठा चौथाई मागत होता तोवर लुटारू होता. इंग्रजांविरुद्ध उभं राहायला त्याची गरज पडली तेव्हा तो आपला झाला. मधल्या काळात मराठ्यांमध्ये काही बदल झाला म्हणून असं झालं नाही. आणि १९०६ च्या त्या उत्सवात भवानीची पूजा झाली, तेव्हा शहरातले मुसलमान आणि बरेचसे ब्राह्मसमाजी त्यापासून दूर राहिले. एकाला आत घेताना दुसऱ्याला बाहेर उभं करणं, ही या शहराची जुनी रीत त्या मंडपातही दिसली.

कोलकात्याचं स्वतःबद्दल एक मत आहे. आमच्याकडे सगळे सामावले जातात, आमच्याकडे ‘तसलं’ काही नाही. ‘तसलं’ म्हणजे मुंबईसारखं भूमिपुत्रांचं राजकारण, उत्तरेसारखी जातपात. हे मत निव्वळ आत्मप्रौढी नाही, त्यात तथ्य आहे. पण हा सामावण्याचा इतिहास नीट तपासला तर माझ्या मते एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : ज्या माणसाशी बंगाली मध्यमवर्गाची, म्हणजे भद्रलोकांची, नोकरीसाठी, जमिनीसाठी किंवा घरासाठी चुरस नव्हती, त्याला कोलकात्याने खुशाल राहू दिलं. जिथे चुरस होती तिथे हे शहर इतर कुठल्याही शहराइतकंच कठोर झालं. फक्त आवाज कमी केला.

गोऱ्यांच्या राज्यात वर्णभेद उघड होता. टँक स्क्वेअर, म्हणजे आजचा बिनय-बादल-दिनेश बाग, आणि चौरंगी हा गोऱ्यांचा भाग. उत्तरेला देशी लोकांचा. मधल्या पट्ट्यात, मुर्गीहाटा, बोबाजार, टिरेटा बाजार इथे पोर्तुगीज, आर्मेनियन, ग्रीक, यहुदी, चिनी. स्वाती चट्टोपाध्याय यांनी २००५ मधल्या आपल्या अभ्यासात दाखवलं आहे की ही वाटणी नकाशावर दिसते तितकी घट्ट कधीच नव्हती. गोऱ्यांची घरं देशी मालकांची असत, आणि त्या घरांतून नोकरचाकर दिवसरात्र वावरत. पण अधिकाराची रेघ पक्की होती. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाने देशी न्यायाधीशांना मुफस्सलमधल्या, म्हणजे शहराबाहेरच्या जिल्ह्यांतल्या, गोऱ्या आरोपींचे खटले चालवायची मुभा देऊ केली, तर कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये गोऱ्यांनी सभा भरवून इतका धिंगाणा घातला की सरकारने पुढल्या वर्षी कायदा पास करताना त्यात निम्म्या गोऱ्या ज्युरीची तरतूद घातली. १८२७ साली निघालेल्या बेंगॉल क्लबात भारतीयांना सभासद व्हायला स्वातंत्र्यानंतरही बारा वर्षं थांबावं लागलं.

या मधल्या पट्ट्यातल्या लोकांचं काय झालं, हे थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण त्यांच्याबद्दल हळहळीचे लेख भरपूर निघतात. आर्मेनियनांचं १७२४ चं चर्च आणि १८२१ चं कॉलेज आजही आहे. बगदादी यहुद्यांचा पहिला माणूस, शालोम कोहेन, १७९८ मध्ये अलेप्पोहून सुरतमार्गे आला. १८८४ चं मागेन डेव्हिड सिनेगॉग भव्य आहे, पण प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणं मुश्कील. त्याची देखभाल मुसलमान कर्मचारी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत आणि ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये बहुसंख्य मुली मुसलमान आहेत. न्यू मार्केटातल्या नाहूमच्या दुकानापुढे नाताळात रांग लागते. ही मंडळी कोणी हाकलली म्हणून गेली नाहीत. राज्य बदललं, व्यापार बदलला आणि इस्राएल, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाचे दरवाजे उघडे होते.

अँग्लो-इंडियनांची गोष्ट जरा निराळी. आई-बाप दोघेही युरोपी नसतील त्याला कंपनीने १७९१ पासून वरच्या नोकऱ्यांतून वगळलं. पुढे रेल्वे, तार, कस्टम्स अशा खात्यांत जागा राखून त्यांना राजनिष्ठ ठेवलं. दोन्ही बाजूंनी अर्धवट मानलेल्या या समाजातूनच डेरोझिओ आला. त्याने हिंदू कॉलेजात बंगाली मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं, आणि बाविसाव्या वर्षी, १८३१ मध्ये, तो वारला. १९३३ मध्ये मॅकक्लस्की नावाच्या कोलकात्यातल्या व्यावसायिकाने छोटा नागपूरच्या जंगलात या लोकांसाठी वेगळं गावच वसवायला काढलं. लोकसभेत त्यांच्यासाठी असलेल्या दोन नामनिर्देशित जागा २०२० च्या जानेवारीत संपल्या. बो बॅरॅक्समधल्या लाल विटांच्या चाळी आजही आहेत.

खरा प्रश्न आहे तो जे मोठ्या संख्येने आले आणि राहिले त्यांचा. कोलकात्याचा अभ्यास करणाऱ्याला निर्मलकुमार बसूंना टाळून पुढे जाता येत नाही. हे मानववंशशास्त्रज्ञ नोआखालीत गांधीजींचे सचिव होते. १९६० च्या दशकात त्यांनी वॉर्डावॉर्डांतून शहराची सामाजिक पाहणी केली आणि ती ‘कलकत्ता १९६४’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांचं निरीक्षण असं की या शहरात वेगवेगळे भाषिक आणि जातीय गट विरघळले नाहीत. प्रत्येकाने आपापला मोहल्ला आणि आपापला धंदा धरून ठेवला. कारणही त्यांनी दिलं : कामं थोडी, माणसं अफाट. अशा वेळी माणूस आपल्या भाषेच्या, आपल्या गावच्या माणसाचा हात सोडत नाही. म्हणजे शहर वाढलं, पण मनाने जातिव्यवस्थेच्याच साच्यात राहिलं. एखाद्या चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं : नळ एक, उंबरे वेगळे.

तागाच्या गिरण्यांत बिहार आणि संयुक्त प्रांतातून आलेले मजूर, बडाबाजारात मारवाडी, नळजोडणी आणि स्वयंपाकाला ओडिया, हातरिक्षा ओढायला बिहारी, चामडं कमवायला चिनी, पंजाबी टॅक्सीवाले, सुका मेवा आणि व्याजाचा पैसा फिरवणारे काबुली. भद्रलोक कुठे होता? कचेरीत, शाळेत, न्यायालयात, दवाखान्यात. दीपेश चक्रवर्तींनी १९८९ मध्ये तागाच्या गिरण्यांतल्या मजुरांचा इतिहास लिहिला. त्यात हा मजूर भाषा, धर्म, जात यांच्या नात्यांतच कसा जगतो आणि ‘बाबू’ पुढाऱ्याशी त्याचं नातं कसं मालक-चाकरासारखंच राहतं, हे नीट दिसतं. डाव्यांच्या युनियनचं नेतृत्वसुद्धा बहुधा बाबूंकडेच असे.

आता याच्याशेजारी मुंबई ठेवून पाहा. मेरी काट्झेन्स्टीन यांनी १९७९ मध्ये शिवसेनेवर पुस्तक लिहिलं. १९६६ साली सेना निघाली तेव्हा तिचा पहिला रोख दक्षिण भारतीय कारकून आणि टंकलेखकांवर होता, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. म्हणजे मराठी तरुणाला हवी असलेली नेमकी तीच खुर्ची दुसऱ्याने अडवली होती. कोलकात्यात ती खुर्ची बंगाल्याकडेच होती. गिरणीतली जागा त्याला नकोच होती. मग भांडायचं कुणाशी? ‘आमरा बांगाली’सारखी संघटना सत्तरच्या दशकात निघाली, पण तिने बाळसं धरलं नाही. याचं श्रेय डाव्या राजकारणाला आणि टागोरांच्या संस्कारांना देण्याची पद्धत आहे. थोडं द्यावंही. बाकीचं श्रेय या कामाच्या वाटणीला द्यावं लागेल.

सलोखा म्हणजे आदर असा मात्र अर्थ नाही. बिहाऱ्याला ‘खोट्टा’, मारवाड्याला ‘मेडो’, ओडियाला ‘उडे’ हे शब्द सुशिक्षित घरांतूनही सर्रास चालत आले. सत्यजित रायांसारख्या उदार माणसाच्या फेलुदा-कथांतला सर्वांत गाजलेला खलनायक, मगनलाल मेघराज, हिंदी वळणाची बंगाली बोलणारा श्रीमंत सावकार आहे. मी राय यांना दोष देत नाही. मगनलाल मलाही आवडतो. पण हा खलनायक बंगाली वाचकाला एका क्षणात का ओळखू येतो, याचं उत्तर शहराच्या मनातच आहे.

चिनी लोकांच्या प्रकरणाशी मात्र थांबायला हवं, कारण तिथे हे गणित आणखी पुढे जातं. १७७८ च्या सुमारास टोंग आच्यू नावाच्या चिनी माणसाला वॉरन हेस्टिंग्जने बजबजजवळ जमीन दिली. तिथे त्याने साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून झालेल्या आचिपूरला चिनी नववर्षात आजही लोक जातात. नंतर शहरात टिरेटा बाजारात कँटनी सुतार आले, हुपेहकडचे दातांचे वैद्य आले, आणि विसाव्या शतकात टांग्र्याच्या पाणथळ भागात हक्का लोकांनी चामड्याचे कारखाने काढले. चामडं हे सवर्ण हिंदूंच्या लेखी विटाळाचं काम. त्यामुळे तिथे त्यांना वाटेकरी नव्हता. एलन ऑक्सफेल्ड या संशोधिकेने टांग्र्यात राहून १९९३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचा मुद्दा हाच आहे : हक्का उद्योजकाची भरभराट आणि त्याचं बहिष्कृतपण ही एकाच व्यवस्थेची दोन तोंडं आहेत. जातिव्यवस्थेने आपल्यातल्या मोकळ्या खणात एका परदेशी समाजाला बसवून टाकलं.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटलं आणि ही जागा एका रात्रीत निसटली. कायदे घाईने बदलले आणि आजा-पणजापासून इथे राहिलेल्या माणसाला, केवळ त्याचा वंश चिनी म्हणून, शत्रुदेशाचा नागरिक ठरवता येऊ लागलं. आसाम आणि दार्जिलिंगकडून उचलून सुमारे तीन हजार माणसं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली. काहींना चीनला पाठवलं. पुष्कळ जण वर्षानुवर्षं आत राहिले. शेवटची माणसं १९६७ मध्ये सुटली. कोलकात्यातल्या चिनी माणसाला शहराबाहेर पाऊल टाकायला परवाना लागू लागला, पोलिसात हजेरी लागू लागली, नोकऱ्या गेल्या, नागरिकत्वाचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले. मग टोरोंटोकडे वाट लागली. मुंबईच्या दिलीप डिसूझा यांनी जॉय मा यांच्यासोबत २०२० मध्ये ‘द देवळीवालाज्’ लिहिलं. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. छावणीतून वाचलेले लोक भारत सरकारकडे एका साध्या दिलगिरीची मागणी करत आले आहेत. तीही मिळालेली नाही.

शेजाऱ्यांनी त्या काळात काय केलं, हा प्रश्न विचारायला अवघड आहे. दंगली झाल्या नाहीत, हे खरं. पण निषेधाचा मोठा मोर्चाही निघाला नाही, आणि व्हिएतनामपासून क्युबापर्यंत कुठल्याही कारणासाठी मोर्चा काढणाऱ्या शहराबद्दल हे लिहावं लागतं. पुढे १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाच्या खटल्यात टांग्रा, तिलजला, तोपसिया इथले साडेपाचशेच्या आसपास चामड्याचे कारखाने बानतलाला हलवायचा हुकूम दिला. निकाल योग्यच होता, पण हक्का लोकांचा धंदा त्याने मोडला. कारखान्यांच्या जागी उपाहारगृहं आली. (आपल्या गाड्यागाड्यांवर मिळणारं मंचुरियन कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या आचाऱ्याने मुंबईत शोधलं, असं सांगतात. म्हणजे या समाजाशी आपला संबंध आहे तो एवढाच.)

परके म्हणून आलेल्यांपेक्षाही कोलकात्याची खरी परीक्षा घेतली ती आपल्याच भाषेच्या लोकांनी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून लोंढे आले. ‘घोटी’ आणि ‘बांगाल’, म्हणजे इथले आणि पलीकडून आलेले, यांच्यातलं भांडण आज ईस्ट बेंगॉल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात, हिल्सा श्रेष्ठ की कोळंबी अशा वादात हसतखेळत चालतं. पण निर्वासितांत दोन प्रकार होते, आणि हे उशिरा लिहिलं गेलं. आधी आलेले बरेचसे शिकलेले सवर्ण. त्यांनी जादवपूर, बिजयगड, आझादगड इथल्या पडीक जमिनींवर रातोरात झोपड्या उभारल्या, जमीनदारांच्या गुंडांशी मारामाऱ्या केल्या, शाळा काढल्या, १९५० मध्ये आपली केंद्रीय परिषद स्थापन केली आणि सरकारला नमवलं. अशा १४९ वसाहती पुढे नियमित झाल्या. त्यांच्या हिमतीला दाद द्यावी तेवढी थोडी.

नंतर आले ते मुख्यतः नमशूद्र या दलित जातीचे शेतकरी. त्यांच्याकडे कोलकात्यात नातेवाईक नव्हते, इंग्रजी अर्ज लिहिणारा भाऊ नव्हता. ते सियालदा स्टेशनच्या फलाटावर आणि मग सरकारी छावण्यांत राहिले. बंगालमध्ये जागा नाही असं सांगून १९५८ पासून त्यांना दंडकारण्यात पाठवायला सुरुवात झाली. उदिती सेन, शेखर बंद्योपाध्याय आणि अनसूया बसू राय चौधरी यांच्या अलीकडच्या पुस्तकांनी हा भेद कागदपत्रांनिशी मांडला आहे. १९७८ मध्ये यांपैकी हजारो लोक दंडकारण्य सोडून सुंदरबनात मरिचझापी बेटावर आले. विरोधात असताना त्यांना बोलावणारे डावे आता सत्तेत होते. १९७९ च्या जानेवारीत बेटाची नाकेबंदी झाली, गोळीबार झाला, मे महिन्यात बेट रिकामं केलं गेलं. मृतांचा सरकारी आकडा अगदी किरकोळ, वाचलेल्यांचे अंदाज शेकड्यांत. चौकशी झालीच नाही, त्यामुळे वाद मिटायचा मार्गही नाही.

याच सरकारने १९८० च्या सुमारास मंडल आयोगाच्या संदर्भात भूमिका घेतली की बंगालात मागासलेपणाचा निकष दारिद्र्य आहे, जात नव्हे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वाचून जरा चमकायला होईल. बंगालात जात नव्हती असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. १९४६ च्या जुलैत डॉ. आंबेडकरांना घटना समितीवर जायला मुंबई इलाख्यातून वाट उरली नव्हती, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या नमशूद्र सहकाऱ्यांनी बंगाल विधानसभेतून त्यांना निवडून दिलं. दलितांचं इतकं संघटित राजकारण त्या प्रांतात होतं. फाळणीने ते उधळलं. मंडल पाकिस्तानचे कायदामंत्री झाले, १९५० मध्ये राजीनामा देऊन कोलकात्यात परतले आणि १९६८ मध्ये वारले. मधल्या अठरा वर्षांत इथल्या कुठल्याही मोठ्या पक्षाला त्यांची गरज वाटली नाही. दलित साहित्याची जाणीवपूर्वक चळवळ बंगालीत मराठीच्या बऱ्याच नंतर आली, त्याचं एक कारण हे. छावणीत वाढलेले, तुरुंगात अक्षरं शिकलेले, जादवपुरात रिक्षा ओढणारे मनोरंजन ब्यापारी यांना रिक्षात बसलेल्या महाश्वेता देवींनी लिहितं केलं. आत्मचरित्राने नाव झालं आणि २०२१ मध्ये ते आमदार झाले. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. एका लेखकाला बाहेर यायला असा योगायोग लागावा, याची लाज मात्र कमी जण व्यक्त करतात.

मुसलमानांबद्दल लिहिताना कोलकाता सर्वांत जास्त अवघडतं. १६ ऑगस्ट १९४६ ला सुरू झालेल्या कत्तलीत चारेक हजार माणसं मेली असं धरतात. पुढल्या ऑगस्टात बेलियाघाटाच्या हैदरी मंझिलमध्ये गांधीजी राहिले, सप्टेंबरात उपास केला आणि शहर शांत झालं. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात नाही ते पुढचं. १९४१ मध्ये शहरात मुसलमान जवळजवळ चौथा हिस्सा होते, १९५१ च्या जनगणनेत बारा टक्क्यांच्या आसपास उरले. जोया चॅटर्जी यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की जे उरले ते मिश्र वस्त्यांतून निघून पार्क सर्कस, राजाबाजार, खिदिरपूर, मेटियाब्रुज अशा मोजक्या भागांत दाटीने गोळा झाले. त्यांनी सोडलेल्या घरांत आणि मशिदींच्या, कबरस्तानांच्या जमिनींवरही निर्वासितांचे संसार उभे राहिले. एका पीडिताला जागा मिळाली ती दुसऱ्या पीडिताची.

नोकऱ्यांचंही तसंच. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा पश्चिम बंगालच्या लोकसंख्येत मुसलमान २५ टक्के होते आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत २.१ टक्के. तीस वर्षं दंगलमुक्त राज्य चालवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या डाव्या आघाडीला हा आकडा फार झोंबला. झोंबायलाच हवा होता. दंगल न होऊ देणं ही मोठी गोष्ट आहे, तीस वर्षं ती टिकवणं तर फारच मोठी. पण कचेरीचं दार बंद ठेवायला दंगल लागत नाही. २०१० मध्ये सरकारने मागासवर्गाच्या यादीत अनेक मुस्लिम गट घातले. २०२४ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने २०१० नंतरची ती यादी रद्द केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

घराचा प्रश्न तर रोजचा. चांगल्या पगाराचा डॉक्टर किंवा प्राध्यापक दक्षिण कोलकात्यात भाड्याचं घर शोधू लागला की फोनवर सगळं ठरतं आणि नाव सांगितल्यावर घर ‘कालच गेलेलं’ असतं. ‘तुम्ही बंगाली की मुसलमान?’ हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला त्यात काही चुकतंय असं वाटत नाही. प्रश्न ज्याला विचारला जातो त्याची मातृभाषा बहुतेकदा बंगालीच असते. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा असतो आणि तिच्यावर सगळे हक्क सांगतात. ती मात्र १८५६ मध्ये लखनौहून हद्दपार होऊन मेटियाब्रुजला आलेल्या वाजिद अली शाहच्या स्वयंपाकघरातून आली असं मानतात.

अलीकडे मात्र जुनी वाटणी ढासळते आहे. सरकारी नोकऱ्या आटल्या, भद्रलोकांची मुलं बंगळूरला आणि पुण्याला गेली, तागाच्या कित्येक गिरण्या बंद पडल्या, आणि ‘ती जागा आम्हाला नकोच’ असं म्हणायची सोय उरली नाही. २०११ च्या जनगणनेत कोलकाता जिल्ह्यात बंगाली मातृभाषेचे लोक साठ टक्क्यांच्या जरा वर होते. २०१८ मध्ये निघालेली ‘बांगला पक्ष’ ही संघटना स्पर्धा परीक्षा, दुकानाच्या पाट्या आणि नोकऱ्या यांवरून हिंदी भाषकांविरुद्ध मोहिमा चालवते. तिची भाषा मुंबईकराला ओळखीची वाटेल. २०२१ च्या निवडणुकीत एका बाजूने ‘बाहेरचे’ हा शब्द चालवला, दुसऱ्या बाजूने ‘घुसखोर’. मी वर मांडलेला तर्क बरोबर असेल तर हे आश्चर्याचं नाही. चुरस वाढली की आवाजही वाढणार.

आणि या आढाव्यात आपली बाजूही येते, कारण बंगाली मजूर आता इथे आहे. मुंबईच्या झवेरी बाजारात आणि पुण्याच्या रविवार पेठेत सोन्याचं बारीक काम बंगाली कारागीर करतात. सांगली-साताऱ्याकडचे गलाई व्यावसायिक जसे देशभर सोनं आटवत पसरले, तसेच हे. १९९८ च्या जुलैत मुंबई पोलिसांनी जरीकाम करणाऱ्या काही कारागिरांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने सीमेकडे रवाना केलं, तर हावड्याच्या अलीकडे उलुबेडिया स्टेशनात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकलण्यात आलं. कागदपत्रं पटल्यावर परत आणावं लागलं. बांगलादेशातून चोरून येणारे लोक नाहीत, असं कोणी म्हणणार नाही. पण मुर्शिदाबादचा मुसलमान गवंडी आणि राजशाहीचा गवंडी एकच बोली बोलतात, आणि ठाणे अंमलदाराला त्यांच्यातला फरक बोलण्यावरून कळणं शक्य नाही. तेव्हा संशयाचा सगळा भार त्या माणसाच्या खिशातल्या कागदावर पडतो, आणि कागद दाखवायला त्याला वेळ दिला जातो की नाही यावर.

दुसरी बाजू गडचिरोलीत आहे. कोलकात्याने ज्यांना जागा नाकारली त्या नमशूद्र निर्वासितांपैकी काही कुटुंबं साठच्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली गेली. मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत त्यांची गावं आहेत. ते भात पिकवतात, तळी खोदून मासे वाढवतात, दुर्गापूजा करतात आणि तिसरी पिढी अस्खलित मराठी बोलते. पश्चिम बंगालात नमशूद्र अनुसूचित जातीत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत ती जात नाही. त्यामुळे नदियात राहिलेल्या चुलतभावाला दाखला मिळतो आणि मुलचेऱ्याच्या मुलाला खुल्या प्रवर्गातून अर्ज भरावा लागतो. मागणी जुनी आहे. यादीत जात घालायची तर संसदेत कायदा करावा लागतो, आणि या मतदारांची संख्या थोडी आहे.